एकशे तेरावं पान

"कुमू, तिथे पाय देऊ नकोस. तिथे एकाचा खून झालाय," द्वारकाक्का म्हणाली.

मी दचकून पाय मागे घेतला. गवतावर छापील पानांचा एक जुडगा पडला होता. अक्काने तो उचलला, पदराने टिपला आणि परत दोरीवर टाकला.

वाचनालयाच्या परसात त्या दिवशी कपड्यांऐवजी पुस्तकं वाळत होती. पावसाळ्यात मागच्या खोलीची कौलं सरकली होती आणि एक कपाटच्या कपाट भिजलं होतं. मारुती जीनगराने सगळ्या पुस्तकांची शिवण उसवली आणि सोळा-सोळा पानांचे जुडगे सुटे केले. त्यांना तो फर्मे म्हणायचा. एका दोरीवर एक पुस्तक, अशा दोऱ्या आंब्यापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून न्हाणीच्या खिडकीपर्यंत गेल्या होत्या. एकीवर शिवकाल, शेजारी लोणची-मुरंबे, पलीकडे भुतं, त्याच्या पलीकडे कुणा साधूचं चरित्र. वारा आला की सगळी एकदम फडफडत. आता वय झालं, काल जेवायला काय होतं तेही आठवत नाही, पण डोळे मिटले की तो आवाज ऐकू येतो. कबुतरं उडायच्या बेतात असावीत तसा.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढे, घाटाकडे तोंड करून बसलेलं. माझे वडील, अण्णा, तिथल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. वाचनालयाच्या मागच्या तीन खोल्यांत आम्ही राहायचो. द्वारकाक्का माझी चुलतबहीण. तिचे आईवडील लवकर गेले, ती आमच्याकडेच वाढली आणि आमच्याकडूनच निपाणीला दिली गेली. नवरात्रासाठी म्हणून ती आली होती आणि पाटावरचे घट उठले तरी परत जायचं नाव काढत नव्हती.

दोरीखालून वाकत ती पुढे पुढे जात होती. एक फर्मा वाचायचा, वाकून दुसऱ्याकडे जायचं. मान तिरकी, ओठ किंचित हलताहेत. उलट्या टांगलेल्या पानांसाठी ती मान एवढी वाकवायची की अंबाडा सुटायचा.

"ताई, वाचा किती वाचायचं ते, पण क्रम मोडू नका," मारुती म्हणाला. "मी बाजारात जाऊन खळीला मैदा घेऊन येतो. उन्हं उतरली की गोळा करा. एका दोरीचं एक गाठोडं. न्हाईतर भुताच्या पोटातनं लिंबाचं लोणचं निघायचं."

तो गेला आणि थोड्या वेळाने घाटातून धुकं चढायला लागलं. आमच्याकडे ते पायांकडून यायचं. आधी विहिरीचा काठ गेला, मग खालच्या दोऱ्या, मग अक्काचं लुगडं. वर तेवढी पानं तरंगताना दिसत होती.

"तू आत जा, सतरंजी घाल," अक्का म्हणाली. "मी उतरवते आणि खिडकीतून देते."

मी आत गेले. न्हाणीच्या खिडकीतून एकामागून एक गाठोडी येत राहिली. दिसायचे ते तिचे हात आणि बांगड्या. मधेच बराच वेळ काही आलं नाही.

"अक्का?"

"आहे गं. दोरी सापडेना."

मग पुन्हा हात आले.

*

दिवाळीपर्यंत मारुतीने सगळी पुस्तकं बांधून आणली. काळं रेक्झिन, कडांना लाल कापड. अण्णांनी पांढऱ्या रंगाने पाठीवर नंबर घातले आणि पुस्तकं कपाटात गेली. त्यात गोविंद माधव सरंजामे यांची 'अबोलीचं कुंपण' ही कादंबरी होती. पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेली, जवळपास कोरी. सरंजामे म्हणजे मोठे लेखक, परिषदेत भाषणं करणारे. असे लेखक आमच्याकडे मानाने ठेवत आणि कमी वाचत. पण त्या हिवाळ्यात काय झालं कोण जाणे, ते पुस्तक कपाटात टिकेना. पोस्टमास्तरीणबाईंनी नेलं, त्यांच्याकडून मुल्लांच्या हसीनाने, तिच्याकडून देसायांच्या सुनेने. सकाळी परत आलं की दुपारी जायचं.

गोष्ट अशी होती. सुमती नावाची एक सोशीक बाई असते. तिचा नवरा तिच्याशी बोलत नाही. ती मुकाट्याने करते, सोसते, अंगणातल्या अबोलीला पाणी घालते. शंभर पानं हेच. आणि मग एकशे बाराव्या पानाच्या तळाशी: 'सुमतीने दार उघडलं. बाहेर'. समोरच्या पानावर: 'धुकं होतं. कंदील उंच धरून ती चालू लागली.'

तिथून पुढे पुस्तकाला पंख फुटायचे. सुमती एकटी घाट उतरते, चोरट्या मालाच्या टोळीशी गाठ पडते, ती घाबरत नाही, खुन्याला पकडून देते, आणि शेवटी घाटवाटेवर वाटसरूंसाठी घर उघडते. शेवटचं वाक्य होतं: 'कंदील तिने खाली ठेवला नाही.'

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या ओसरीवर बायकांचं दुसरं बोलणंच नव्हतं.

"एवढी गप्प बाई, पण पिस्तुलाला घाबरली नाही," हसीना म्हणाली. तीही तिळगुळाला यायची.

"गप्प माणसाचं असंच असतं. साठतं आणि मग फुटतं," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या.

"पण घर सोडून जायचं म्हणजे..." देसायांची सून सासूकडे बघत हळूच म्हणाली.

सगळ्या माझ्या आईकडे वळल्या. आई फार कडक. हळदीकुंकू तिचं, शब्दही तिचा चालायचा. आई वाणाचे डबे वाटत होती. हातातला डबा थांबवून ती म्हणाली, "सोडलं तर सोडलं. बरं केलं बाईने. भिंतीशी किती दिवस संसार करायचा?"

अक्का कोपऱ्यात अत्तरदाणी घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

अक्काचं दुखणं घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. तिचे यजमान तिच्याशी बोलत नसत. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, व्यसन नाही. नुसतं बोलत नसत. का, ते तिलाही माहीत नव्हतं. "आमटी हवी असली की वाटीवर बोटाने टिचकी मारतात," तिने मला एकदा सांगितलं होतं. "एक टिचकी आमटी, दोन टिचक्या ताक." मी हसले आणि मग तिच्याकडे पाहून थांबले. घाटाखाली कोकणात तिच्या शाळेतल्या आवटीबाई मुलींचं वसतिगृह चालवत होत्या. त्यांना देखरेखीला मॅट्रिक झालेली बाई हवी होती. त्यांनी अक्काला दोनदा निरोप पाठवला होता. आणि इकडे निपाणीहून कळलं होतं की माघ संपायच्या आत चुलतसासरे नानासाहेब स्वतः न्यायला येताहेत. आई म्हणत होती, जायला हवं. अण्णा काही म्हणत नव्हते, पण अक्काच्या ट्रंकेची कडी दुरुस्त करून घेतली होती.

अक्काने ते पुस्तक किती वेळा वाचलं असेल! कुणी परत आणलं की ती उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "कशी वाटली हो सुमती?" आणि मग ऐकत राहायची. एवढं लक्ष देऊन तिने दुसऱ्या कशाबद्दल ऐकलेलं मी पाहिलं नाही.

एकटे हेडमास्तर नाडगौडा वेगळंच बोलत. त्यांच्या मते खरं मोठं पुस्तक 'काळ्या घाटातला कंदील'. "चंद्रहास कोपरकर रहस्यकथावाले म्हणून आपण नाक मुरडतो," ते अण्णांना सांगत. "पण या कादंबरीत इन्स्पेक्टर खुन्याचा माग काढत येतो, पिस्तूल रोखून दाराला लाथ मारतो, आणि पलीकडे कोण? 'पलीकडे सासूबाई उभ्या होत्या!' नंतर खुनाचा उल्लेख नाही. नुसतं घर, देवपूजा, अश्रू. खुनी कोण हे लेखक सांगतच नाही. म्हणजे काय? खुनी समाज! हे आपल्याकडे कुणी केलेलं नाही, ग्रंथपाल."

अण्णा मान डोलवायचे. अण्णा पुस्तकांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करत, पण कादंबऱ्या फक्त चाळत.

*

माघातल्या वार्षिकोत्सवाला त्या वर्षी साक्षात सरंजामे येणार ठरले. शनिवारी व्याख्यान. आणि नानासाहेबांचं कार्ड आलं, सोमवारी येतो.

आमची प्रत बाहेरच फिरत होती, म्हणून अण्णांनी गडहिंग्लजहून कुणाकडून तरी 'अबोलीचं कुंपण'ची दुसरी प्रत मागवली आणि मला म्हणाले, "कुमू, चांगली वाक्यं काढून ठेव. मला परिचय करून द्यायचाय."

मी वाक्यं काढत एकशे बाराव्या पानावर आले. 'सुमतीने दार उघडलं. बाहेर'. समोरच्या पानावर: 'सासूबाई उभ्या होत्या.'

मी पान मागे उलटून पाहिलं, पुढे पाहिलं. पुढे सासूबाई तिला आत नेतात. ती पुन्हा सोसते. नवरा आजारी पडतो, ती सेवा करते, आणि शेवटच्या पानावर तो तिला हाक मारतो तेव्हा ती तुळशीपाशी डोळे मिटते. सुखाने, असं लिहिलं होतं.

नाडगौडांच्या 'कंदील'मधल्या सासूबाई मला आठवल्या आणि मी तडक मारुतीच्या दुकानात गेले. तो दाभणात दोरा ओवत होता. 'अबोली' आणि 'कंदील' यांचे मागचे भाग एकमेकांत गेलेत, असं मी सांगितलं तसा तो रागावला.

"माझ्या हातात आली तशी गाठोडी शिवली. आकडेबी बघितले. एकशेबारा, त्याच्यावर एकशेतेरा. दोन्ही पुस्तकं एकाच छापखान्यातली, एकाच मापाची. आकडा चुकला का सांगा."

आकडा चुकला नव्हता. दोन्ही पुस्तकांत एक सुमती असावी हेही त्या काळाला धरूनच होतं. तेव्हा दर दुसऱ्या कादंबरीत एक सुमती असायची.

घरी येताना अक्का मला डोळ्यांसमोर दिसत होती. व्याख्यानाला ती पुढे बसणार. कुणीतरी सुमतीचं विचारणार, आणि सरंजामे सांगणार की माझी सुमती कुठे गेली नाही, ती मागे फिरली. गावासमोर सांगणार. आणि सोमवारी ट्रंकेची दुरुस्त केलेली कडी लागणार.

*

सरंजामे शनिवारी सकाळच्या गाडीने आले. धोतर, काळा कोट, टोपी, आणि कोरडा खोकला. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ लहान दिसले. एसटीतून उतरून आमच्या दारापर्यंत येईतो तिघींनी त्यांना वाटेत गाठलं. त्यांतल्या एकीने तर डोळ्यांना पदर लावला.

जेवण झाल्यावर मी चहा घेऊन मागच्या ओसरीवर गेले. ते विहिरीकडे बघत बसले होते.

"पोरी, इथल्या बायका मला घाटाबद्दल काय सांगत होत्या?" त्यांनी विचारलं. "माझ्या पुस्तकात घाट नाही. मला घाट लागतो. मी घाटाबद्दल लिहूच शकत नाही."

सहीसाठी परत मागवलेलं काळ्या रेक्झिनचं पुस्तक मी त्यांच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. कौलं, दोऱ्या, फर्मे. त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

"म्हणजे गेले चार महिने हे गाव माझ्या नावावर कोपरकर वाचतंय?"

"निम्मे तुम्ही आहात," मी म्हटलं.

"निम्मा! आणि रडल्या कुठल्या निम्म्यावर?"

मला खोटं बोलवेना. मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"संध्याकाळी सगळं स्वच्छ करतो," ते उठत म्हणाले. "त्या बायकांना खरी सुमती कळली पाहिजे."

"नका सांगू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मग मी अक्काचं सांगितलं. वाटीवरची टिचकी, आवटीबाईंचा निरोप, सोमवार. "ती या सुमतीकडे बघून उभी आहे. तुम्ही म्हणालात की ती खोटी, तर अक्का खाली बसेल."

"मुली, लेखकाने स्वतःच्या पुस्तकाबद्दल खोटं बोलायचं?"

"मला नाही माहीत. तुम्ही वाचून तरी बघा."

ते रागानेच खाली बसले. चष्मा लावला आणि एकशे तेरावं पान उघडलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिले. विहिरीपलीकडे अक्का गोधडीला टाके घालत बसली होती, तिची आमच्याकडे पाठ होती. ऊन आंब्यातून उतरलं. चहा साय धरून गार झाला. एकदा ते स्वतःशीच पुटपुटले, "धुकं होतं. संपलं! मी असतो तर दीड पान धुकं लिहिलं असतं." एकदा मोठ्याने हसले. शेवटी पाहिलं तर पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं आणि ते अक्काच्या सुईकडे बघत होते.

"तुमचा चहा गार झाला. दुसरा आणू?" मी विचारलं.

"आण," ते म्हणाले. "ती विहिरीपलीकडची पोरगी, तीच का?"

मी मान हलवली. काय करणार आहेत ते मला कळलं नाही.

*

संध्याकाळी वाचनालयात मुंगीला जागा नव्हती. सरंजामे साहित्य आणि समाज यांवर बोलले. खरं सांगायचं तर मला त्यातला एक शब्द आठवत नाही. मी अक्काच्या मानेकडे बघत होते. प्रश्नांची वेळ आली. नाडगौडा उठले, त्यांनी प्रश्नाऐवजी आणखी एक भाषण केलं, आणि 'अबोलीचं कुंपण'चा शेवट समाजाला घातक नाही काय, असं विचारून बसले.

सरंजामे उत्तर द्यायच्या आत अक्का उभी राहिली. बायकांनी सभेत बोलायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती. आईने तिचा पदर ओढला. तो तिने सोडवून घेतला.

"मला विचारायचंय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मागपर्यंत ऐकू गेला. "सुमतीने दार उघडलं, आणि ती बाहेर गेली. हे तुम्हाला कसं सुचलं?"

सरंजाम्यांनी चष्मा काढला. उपरण्याने पुसला. पुन्हा लावला.

"बाई, ते मला सुचलं नाही," ते म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले.

"मी तिला दारापर्यंत नेलं," ते सावकाश म्हणाले. "शंभर पानं लागली मला तेवढ्याला. दारापर्यंतच माझी धाव. बाहेर जायचं तिला सुचलं. आज दुपारी मी ते पुन्हा वाचलं, आणि मला वाटलं, बरं झालं माझं ऐकलं नाही."

अक्का अजून उभी होती.

"ती परत जाईल का हो कधी?"

"ते माझ्या पुस्तकात नाही, बाई," सरंजामे म्हणाले. "तिलाच ठाऊक."

नंतर अण्णांनी सहीसाठी आमची प्रत पुढे केली. सरंजाम्यांनी पेन उघडलं, पहिलं पान पाहिलं आणि पेन मिटलं. "या पुस्तकावर माझ्या एकट्याची सही शोभणार नाही," ते म्हणाले. अण्णांना वाटलं, मोठ्या माणसांची विनयाची तऱ्हा.

*

सोमवारी नानासाहेब आले. अक्कानेच पाणी दिलं, चहा दिला. ट्रंक ओसरीवर भरून ठेवलेली होती. ती बघून ते खूश झाले. "तयारी झालेली दिसते."

"झालीय," अक्का म्हणाली. "पण मी निपाणीला येत नाही. घाटाखाली जातेय. आवटीबाईंकडे."

नानासाहेबांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी आईकडे.

"द्वारके!" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"बरं केलं म्हणतील, काकू."

"कोण म्हणेल?"

"तुम्ही म्हणालात. संक्रांतीला. सगळ्यांच्या देखत. भिंतीशी किती दिवस संसार करायचा, असं तुमचं वाक्य आहे. पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, हसीना म्हणाली. देसायांच्या सुनेच्या सासूबाईसुद्धा पुस्तक परत करताना म्हणाल्या. मी प्रत्येकीला विचारलंय."

"अगं, ते पुस्तकातल्या बाईला!"

"मग मला वेगळं म्हणणार आहात का?"

माझ्या उभ्या जन्मात मी आईला शब्दात अडकलेलं तेवढं एकदा पाहिलं. मग ती उठली, आत गेली, आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या घेऊन आली. नानासाहेबांसाठी नव्हत्या त्या. तिने त्या ट्रंकेवर ठेवल्या.

"नानासाहेब," अक्का वाकून नमस्कार करत म्हणाली, "त्यांना सांगा, आमटीचं भांडं जवळ घेऊन बसत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती गेली. पुढचं वळण दिसत नव्हतं इतकं धुकं होतं. गाडीचा मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला आणि मग तोही पांढरा झाला. गाव बोललं, नाही असं नाही. पण जरा कुणी जास्त बोललं की दुसरं कुणी म्हणायचं, "आपल्या सुमतीसारखं केलं पोरीने," आणि बोलणाऱ्याला पुढे काही सुचायचं नाही.

*

पुष्कळ वर्षं गेली. अण्णा गेले, आई गेली, वाचनालय नव्या इमारतीत गेलं. जुनी पुस्तकं मोडीत निघाली तेव्हा मी तेवढं एक मागून घेतलं आणि कोकणात अक्काकडे गेले. वसतिगृह आता तिचंच होतं. ती पडवीत खुर्चीत बसली होती, केस कापसासारखे, गुडघे गेलेले. मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं होतं, आज तिला सांगावं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

तिने पुस्तक उघडलं. शोधावं लागलं नाही, नेमकं एकशे बाराव्या पानावर. दोन पानांच्या मधल्या शिवणीवरून तिने बोट फिरवलं.

"मारुतीने घट्ट शिवलंय," ती म्हणाली. "बिचारा. त्याची चूक नव्हती."

"कसली चूक?" मी विचारलं.

"कुमे, तुला काय वाटलं, मला ठाऊक नाही? त्या दोरीवरच मी दोन्ही पुस्तकं वाचून काढली होती. सुमतीला परत आत नेतात आणि शेवटी तुळशीपाशी मरू देतात, तिथे आले तेव्हा उन्हं उतरत होती. पुढच्या दोरीवर दुसरी सुमती कंदील घेऊन निघाली होती. मधे हातभर अंतर. तेवढ्यात धुकं आलं."

न्हाणीच्या खिडकीतले हात मला दिसले. बांगड्या, आणि मग बराच वेळ काही नाही.

"दोरी सापडत नव्हती म्हणालीस."

"सापडली होती." ती हसली. "हातात होती."

"पण अक्का, तुला जायचंच होतं तर जायचं. पुस्तक कशाला पाहिजे होतं?"

पडवीबाहेर माडांच्या झावळ्या हलत होत्या. तो आवाजही कबुतरांसारखाच होता.

"मला ऐकायचं होतं गं, गाव काय म्हणतं ते," ती म्हणाली. "मी गेले असते तर मला कुणी तोंडावर सांगितलं नसतं. म्हणून आधी तिला पाठवलं. काकू काय म्हणतात, हसीना काय म्हणते. काकू चिडल्या असत्या ना, तर मी निपाणीला गेले असते. खरंच गेले असते."

"आणि सरंजामे? त्यांना कसं विचारलंस भर सभेत? ते खरं सांगते तर?"

"त्यांनी खरंच सांगितलं," अक्का म्हणाली. "ते पुस्तक त्यांचं होतं. तिला बाहेर पाठवणं त्यांना पटलं नसतं तर माझ्या मनाला लागलं असतं. म्हणून विचारलं."

आत शाळा सुटून आलेल्या मुलींचा गलबला झाला. एक मुलगी दप्तर खांद्यावर ठेवूनच पडवीत आली आणि अक्काच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावली.

"आजी, हे कसलं पुस्तक? रडायचं की खुनाचं?"

"तूच ठरव," अक्का म्हणाली आणि पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. मुलगी जिन्याशी पोचली असेल नसेल, तोच खुर्चीतून पुढे झुकून तिने हाक मारली.

"आणि वाचून झालं की इकडे ये. सुमती कशी वाटली ते मला सांग."